फ्लाइटला किती तास लागतील हे काढताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे तिकिटावरची निघायची वेळ आणि पोचायची वेळ घेऊन सरळ वजाबाकी करणं. लंडनहून सकाळी ११ ला निघालं, न्यूयॉर्कला दुपारी २ ला उतरलं, म्हणजे ३ तास? नाही हो, दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे लिहिलेल्या असतात आणि न्यूयॉर्क ५ तास मागे आहे, म्हणजे प्रवास झाला ८ तासांचा. दोन्ही वेळा तारखेसकट आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, करून घ्या आणि मग वजा करा, गोंधळच होत नाही. आणि हे ५ तासही वर्षभर तेवढेच राहत नाहीत बरं का, मार्चमध्ये अमेरिका घड्याळ ब्रिटनच्या दोन-तीन आठवडे आधी पुढे करते, तेवढे दिवस फरक ४ च असतो.

तारीख तर त्याहून जास्त फसवते. माझी एक मैत्रीण जानेवारीत लॉस एंजेलिसहून टोकियोला चालली होती, ९ तारखेला रात्री ११ ची फ्लाइट, १२ तासांचा प्रवास, पोचायची वेळ पहाटे ४. सगळ्यांनी १० तारीख धरली आणि तिला घ्यायला येणारा माणूस १० ला पहाटे एअरपोर्टवर जाऊन उभा राहिला. पण वाटेत पॅसिफिक महासागरात डेट लाइन, म्हणजे तारीख बदलणारी रेषा लागते, ती उतरली ११ ला! तिकिटावर वेळेच्या शेजारी बारीक अक्षरात +२ (म्हणजे निघाल्याच्या तारखेनंतर दोन दिवसांनी) लिहिलेलं होतं, ते कुणी बघितलंच नाही. तो छोटा आकडा आधी शोधा, बाकी सगळं नंतर.

आता अंतराचं. लंडन-न्यूयॉर्क साधारण ५,५५० किमी, विमानाचा स्पीड ताशी ९००, भागाकार केला की सव्वासहा तासांच्या आत येतं पण तिकिटावर ८ दिसतात, कारण तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते, त्यात रनवेपर्यंत जाणं, रांग, चढणं-उतरणं सगळं आलं, शिवाय पश्चिमेकडे जाताना जेट स्ट्रीमचा (उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरात वाहणारा) वारा समोरून येतो. परतीला तोच वारा मागून ढकलतो म्हणून तेच अंतर ७ तासांत होतं, म्हणजे एका बाजूची वेळ बघून दुसरी गृहीत धरू नका.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका, पृथ्वी गोल आहे त्यामुळे जवळचा रस्ता नकाशावर वाकडा दिसतो. आणि तोही रस्ता मिळेलच असं नाही, २०२२ नंतर रशियाचं आकाश बंद झाल्यामुळे लंडन-टोकियो फ्लाइट १२ तासांवरून १४ च्या आसपास गेली, दोन शहरांमधलं अंतर तेच असून.

साइटवर आकडा मैलात आहे की किलोमीटरमध्ये तेही बघा, नॉटिकल मैल तर अजून वेगळा, १.८५२ किमीचा.

डायरेक्ट म्हणजे नॉनस्टॉप नव्हे. फ्लाइट नंबर एकच असला तरी मध्ये थांबा असू शकतो.

कनेक्टिंग असेल तर दोन फ्लाइटचे तास जोडून थांबू नका, मधला थांबाही धरा. अमेरिकेत बाहेरून आलात तर बहुतेक वेळा पहिल्याच एअरपोर्टवर इमिग्रेशन होतं, बॅगा घेऊन परत द्याव्या लागतात, मग परत सिक्युरिटीची रांग. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर पहिली लेट झाली म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही सहसा परत मिळत नाहीत, तिथे चार-पाच तासांचं अंतर ठेवाच.