आय७ जिंकणार हे मी आधीच ठरवलं होतं

दोन लॅपटॉपच्या तुलनेचा माझा पहिला अहवाल तपासणाऱ्या मॅडमकडून परत आला तेव्हा समासात एकच प्रश्न होता: "दोन्हींना चार्जर लावला होता का?" नव्हता. एक लॅपटॉप बॅटरीवर होता, आणि हरलेला तोच.

लॅपटॉप तपासायच्या कामावर मी नवीन होते. प्रोग्रॅमर मंडळींना दोनपैकी कोणता लॅपटॉप द्यायचा एवढंच सांगायचं होतं. एकात इंटेलचा कोअर आय७-१२५५यू हा प्रोसेसर, दुसऱ्यात कोअर आय५-१२४०पी. दोन्ही २०२२चे, एकाच पिढीचे. मी दोन्हींवर गीकबेंच, म्हणजे वेग मोजून आकडा देणारी छोटी चाचणी, एकेकदा चालवलं, आय७चा आकडा मोठा आला आणि मी लिहून मोकळी झाले. खरी चूक चार्जरची नव्हतीच. निकाल मनासारखा आला म्हणून मी तो पुन्हा तपासला नाही. आय५ पुढे आला असता तर तीनदा चालवून पाहिलं असतं!

परत आलेला अहवाल घेऊन मी आधी करायला हवं होतं ते केलं: दोन्ही चिपची अधिकृत माहिती शेजारी शेजारी ठेवून वाचली. आय७-१२५५यूमध्ये १० कोअर, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे भाग, आहेत: २ मोठे, वेगवान आणि ८ छोटे, कमी वीज खाणारे. आय५-१२४०पीमध्ये १२, म्हणजे ४ मोठे आणि ८ छोटे. मोठा कोअर दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन धागे एकाच वेळी, चालवतो, छोटा एकच, म्हणून थ्रेड होतात १२ आणि १६. वेगात आय७ जास्तीत जास्त ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आय५ ४.४पर्यंत. नावातला आकडा सोडून शेवटचं अक्षर पाहायचं ते इथे: 'यू'ची मूळ वीजमर्यादा १५ वॅट, 'पी'ची २८.

नवशिक्याने सगळ्यात जास्त वेळ या वॅटवर घालवावा, असं माझं मत आहे. काम सुरू झालं की प्रोसेसर थोडा वेळ मूळ मर्यादेच्या कितीतरी वर वीज ओढतो. या दोघांत ती कमाल ५५ आणि ६४ वॅट आहे. मग मुदत संपते, किंवा त्याआधीच चिप तापते, आणि तो खाली येतो. छोटी चाचणी त्या पहिल्या उसळीतच संपते. शंभर मीटरची शर्यत पाहून मॅरेथॉनचा विजेता जाहीर करावा, तसं मी केलं होतं. प्रोग्रॅमरचं मोठं कंपाइल, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणं, मात्र उसळी ओसरल्यावरही चालूच असतं.

दुसऱ्या वेळी दोन्ही लॅपटॉप चार्जरवर, टणक टेबलावर, पॉवर मोड एकच, अपडेट थांबवलेले. प्रोसेसरवर सतत भार टाकणाऱ्या सिनेबेंच आर२३ची दहा मिनिटांची चाचणी लावली आणि बाजूला वॅट, तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडं ठेवलं. आय७चे वॅट थोड्याच वेळात पंधराच्या आसपास येऊन बसले, आय५चे अठ्ठावीसच्या. सगळे कोअर जुंपलेल्या कामात आय५ सरळ पुढे गेला. आमच्याच प्रकल्पाचं कंपाइल लावलं, तिथेही तेच. एकाच कोअरच्या कामात आय७ किंचित पुढे राहिला. ४.७ आणि ४.४मधला फरक जेमतेम सात टक्के, आणि मोठे कोअर एकाच घडणीचे, म्हणजे आतली रचना एकच, त्यामुळे तसं होणारच. गिगाहर्ट्झची अशी थेट तुलना घडण एक असतानाच करावी, एरवी तो आकडा फसवतो.

ग्राफिक्समध्ये मात्र मी पुन्हा गोंधळले. कागदावर आय७कडे चित्राचं काम करणारी ९६ एक्झिक्युशन युनिट, आय५कडे ८०, तरी मागे पडला आय७. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'आयरिस एक्सई' या ग्राफिक्सच्या पूर्ण नावाच्या जागी नुसतं 'यूएचडी ग्राफिक्स' दिसलं तेव्हा उलगडा झाला. त्या लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी होती. मेमरी दोन चॅनलची, म्हणजे दोन वाटांनी एकदम माहिती देणारी, नसेल तर ते ग्राफिक्स अर्ध्या वाटेवरच अडतं. दुसरी पट्टी घातली, नाव बदललं, आकडेही बदलले.

इंटेलची स्पर्धक एएमडीकडे नाव वाचण्याची गंमत वेगळी. त्यांच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप चिपमध्ये तिसरा अंक घडण सांगतो. रायझेन ५ ७५२०यू नवा वाटतो, पण तिसरा अंक २, म्हणजे झेन २ नावाची घडण, आणि ती २०१९ची. रायझेन ५ ७६४०यूमध्ये ४, म्हणजे झेन ४. दोघांवर 'रायझेन ५' असंच लिहिलेलं असतं.

बाकी बारीकसारीक: गीकबेंच ५ आणि ६चे आकडे एकमेकांशी ताडू नका, सिनेबेंचच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांचेही नाही. प्रत्येक चाचणी निदान तीनदा चालवा. आणि वॅटची मर्यादा लॅपटॉप बनवणारा बदलू शकतो, म्हणून तोच आय५ पातळ, लहान पंख्याच्या लॅपटॉपमध्ये वेगळा वागेल. दुसऱ्या अहवालात मी प्रोसेसरच्या नावाआधी लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल लिहिलं, पुढे स्थिरावलेले वॅट, आणि शिफारस केली आय५ची.

मॅडमनी तो मंजूर केला. समासात तरीही एक प्रश्न होताच: "खोलीचं तापमान किती होतं?" ते मी टिपलं नव्हतं.