पानाड्याचा नारळ आणि विचार तपासायची पद्धत
क्रिटिकल थिंकिंग शिकायचं म्हणून बरीच पोरं तर्कदोषांची यादी पाठ करायलेत. त्यानं फार तर समोरच्याला गप्प करता येतं. त्यापेक्षा आपल्या भागातला एकच दावा घ्या अन् तो नीट सोलून बघा.

पानाड्या म्हंजे हातावर नारळ ठेवून जमिनीखालचं पाणी कुठं आहे ते सांगणारा माणूस. उन्हाळ्यात मराठवाड्यात कुठंही ऐकू येतं, "पानाड्याच्या हातावर नारळ उभा राहिला, तिथंच बोअर मारला, दोन इंच पाणी लागलं, म्हंजे त्याला पाणी कळतं." आधी वहीत याचे दोन तुकडे करा, दावा काय अन् कारण काय. आपल्या न्यायशास्त्रात, म्हंजे तर्काच्या जुन्या शास्त्रात, याला प्रतिज्ञा आणि हेतू म्हणतात, डोंगरावर आग आहे कारण धूर दिसतोय हे त्यांचं जुनं उदाहरण. आग नाही तिथंही धूर निघत असेल तर मग धुरावरून काहीच ठरत नाही. नारळाचंही तसंच बघायचं.

आता वहीत चार खाने पाडा. नारळ उभा राहिला अन् पाणी लागलं, उभा राहिला तरी कोरडा गेला, पानाड्याला न विचारता मारला तरी पाणी लागलं, न विचारता मारला अन् कोरडा गेला. पारावर चर्चा फक्त पहिल्या खान्याची होते, कारण ज्याचे पैसे मातीत गेले तो बिचारा बोलतच नाही, आणि खरी माहिती तर त्याच्याकडंच असते! शिवाय आपल्याकडं जमिनीखाली बहुतेक ठिकाणी काळा बेसाल्ट खडक, पाणी भेगांत नाहीतर वरच्या मुरमाड थरात, त्यामुळं पाऊस बरा झाला की ओढ्याकाठी कुणीही बोट दाखवलं तरी काही बोअर लागणारच.

पानाड्या पैसे घेत नाही, भला माणूस आहे, यानं दावा खरा होत नाही. तो शिकलेला नाही म्हणून खोटाही ठरत नाही.

सवय लागायला एक खेळ खेळा, मानसशास्त्रज्ञ पीटर वेसननं १९६० साली मांडलेला. मित्राला म्हणा, २, ४, ६ हे माझ्या नियमात बसतात, तू तीन-तीन आकडे सांगून नियम ओळख. बहुतेक जण ८, १०, १२ असंच विचारत राहतात, नियम मात्र फक्त चढत्या क्रमाचा असतो. 'दोन-दोननं वाढतात' असं वाटत असेल तर १, २, ७ विचारायचं सुचलं पाहिजे, म्हंजे आपलं म्हणणं पडेल असा प्रश्न.

घरी बोअरचं चाललं असेल तर वडलांशी वाद घालू नका, "आबा, गावात कोरडे किती गेले?" एवढं विचारा अन् सोबत बसून यादी करा, साल, फूट, पाणी, पॉइंट म्हंजे बोअरची जागा कुणी काढली. मशिन लावून पाणी शोधणाऱ्याचे पॉइंटही त्याच यादीत घ्या.