व्हिक्टोरिया सरोवरावर लिहिताय? मग या चुका टाळा

व्हिक्टोरिया सरोवरावरचे प्रोजेक्ट, नोट्स, रिपोर्ट काहीही उघडा, त्याच त्या चुका फिरत असतात. बहुतेकांचं मूळही एकच. एवढ्या पसरलेल्या पाण्याला एक आकडा, एक ऑफिस, एक कारण चिकटवायचं आणि मोकळं व्हायचं. या सरोवराच्या बाबतीत तसं जमत नाही.

सुरुवात नकाशापासून. आफ्रिकेतली मोठी सरोवरं म्हटलं की लोक सगळी उचलून खचदरीत टाकतात. टांगानिका, मलावी खचदरीतच आहेत, पण व्हिक्टोरिया खचदरीच्या दोन फाट्यांच्या मधल्या पठारावर आहे. साधारण 4 लाख वर्षांपूर्वी पश्चिमेकडची जमीन वर उचलली गेली, पश्चिमेकडे वाहणाऱ्या नद्या अडल्या, काही तर उलट्या वाहायला लागल्या आणि त्या सखल भागात पाणी साठलं. म्हणून हे सरोवर परातीसारखं पसरट आहे. क्षेत्रफळ सुमारे 68,800 चौरस किमी, खोली मात्र सरासरी 40 मीटर आणि जास्तीत जास्त 80 च्या थोडी वर. टांगानिका याच्या निम्म्याहून लहान दिसतं पण त्यात पाणी जवळपास सातपट आहे. तेव्हा 'आफ्रिकेतलं सर्वात मोठं सरोवर' असं लिहिताना 'क्षेत्रफळाने' हा शब्द गाळू नका.

टक्केवारी जुळत नाही?

हा घोळ कॉमन आहे. सरोवराचा कुणाकडे किती टक्के वाटा, तर एका ठिकाणी टांझानिया 51, युगांडा 43, केनिया 6 असतं, दुसरीकडे 49-45-6. दोन्ही आकडे चालू आहेत, तुम्ही एक संच धरा आणि शेवटपर्यंत तोच ठेवा, अर्धे इकडचे अर्धे तिकडचे घेतले की बेरीज 100 येणारच नाही. खरी चूक पुढची आहे. हे वाटे फक्त पाण्याच्या पृष्ठभागाचे आहेत, पाणलोट क्षेत्राचे नाहीत. पाणलोटात रवांडा आणि बुरुंडी पण येतात, ज्यांना सरोवराचा किनाराच नाही, पण सरोवराला मिळणारी सगळ्यात मोठी नदी कागेरा तिकडूनच येते. आणि केनियाचा वाटा पाण्यात 6 टक्के असला तरी पाणलोटात तो साधारण 22 टक्के आहे. म्हणजे 'केनियाचा काय संबंध, त्यांच्याकडे कोपराच तर आहे' असं लिहिणाऱ्याने प्रदूषणाचा विषय तिथेच हातचा घालवला, कारण शेतातलं खत आणि वाहून येणारी माती येते ती पाणलोटातून.

सीमारेषेचंही तसंच. युगांडा आणि टांझानियाची सीमा पाण्यात 1 अंश दक्षिण अक्षांशावरून जाते, विषुववृत्तावरून नाही. विषुववृत्त त्याच्या उत्तरेला, युगांडाच्या पाण्यातून जातं. घाईत काढलेल्या नकाशात या दोन रेषांची अदलाबदल झालेली हमखास सापडते.

लेव्हलचा आकडा वेडावाकडा वाटला तर

इथे जरा थांबू, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. मे 2020 मध्ये सरोवराची पातळी रेकॉर्डवर गेली तेव्हा बातम्यांत 13.42 मीटर असा आकडा आला, आणि कितीतरी जणांनी तो खोली म्हणून छापला. अहो, ती युगांडातल्या जिंजा इथल्या, पातळी मोजायच्या पट्टीवरची नोंद आहे! त्या पट्टीचा शून्य समुद्रसपाटीपासून साधारण 1,123 मीटरवर धरलेला आहे, त्यामुळे तीच पातळी दुसऱ्या कागदावर 1,136 मीटर म्हणून दिसते. दोन्ही बरोबर. 2006 मध्ये हाच पट्टीवरचा आकडा साडेदहाच्या आसपास उतरला होता, म्हणजे चौदा-पंधरा वर्षांत जवळजवळ 3 मीटरचा फरक. एवढ्या उथळ किनाऱ्यावर 3 मीटर म्हणजे काय ते लक्षात घ्या, 2006 ला पाणी धक्क्यांपासून मागे सरकलेलं, 2020 ला घरं आणि मासळी उतरवायच्या जागा पाण्याखाली.

मग 2006 साठी लगेच 'युगांडाने धरणातून पाणी सोडलं म्हणून पातळी उतरली' किंवा 'दुष्काळामुळे उतरली', यातलं एक निवडायचा मोह होतो. निवडू नका. सरोवरात येणाऱ्या पाण्यापैकी साधारण 80 टक्के थेट पावसाचं असतं आणि बहुतेक तसंच बाष्प होऊन उडूनही जातं, बाहेर पडायची नदी एकच, नाईल. 1954 मध्ये जिंजाला धरण झालं तेव्हा ठरलं की पातळी जेवढी असेल त्या हिशोबाने, जुन्या रिपन धबधब्यावरून नैसर्गिकपणे गेलं असतं तेवढंच पाणी सोडायचं. याला अ‍ॅग्रीड कर्व्ह म्हणतात. 2000 नंतर शेजारी कीरा हे दुसरं वीजकेंद्र सुरू झालं आणि काही वर्षं ठरल्यापेक्षा जास्त पाणी गेलं, त्यात पाऊसही कमी झाला. नंतरच्या अभ्यासांत पातळीची साधारण अर्धी घट जादा विसर्गाला आणि अर्धी कमी पावसाला धरली गेली.

आणखी एक बारीक गोष्ट, ओवेन फॉल्स धरण आणि नालुबाले धरण एकच आहे, नाव बदललंय. दोन वेगळी धरणं म्हणून मोजू नका. आणि रिपन धबधबा आता दिसत नाही, तो याच धरणामुळे पाण्याखाली गेला, तरी 'नाईल रिपन धबधब्यावरून उडी घेते' असं वर्तमानकाळात लिहिलेलं अजून वाचायला मिळतं.

मासे आणि जलपर्णी

नाईल पर्च हा मोठा शिकारी मासा 1950-60 च्या दशकात सोडला, 80 च्या दशकात तो प्रचंड वाढला, स्थानिक सिक्लिड माशांच्या शेकडो जाती नाहीशा किंवा दुर्मिळ झाल्या, इथपर्यंत सगळे लिहितात. पण त्याच काळात पाण्यात पोषकद्रव्यं वाढली, शेवाळ वाढलं, पाणी गढूळ झालं आणि तळाजवळचा ऑक्सिजन कमी झाला, हे गाळलं की गोष्ट अर्धीच राहते. काही सिक्लिड तर रंग बघून जोडीदार निवडतात, गढूळ पाण्यात ते कसं जमायचं? जलपर्णीचंही तेच, 90 च्या दशकात ती खाणारे भुंगे सोडून ती बरीच आटोक्यात आली, पण केनियाच्या विनाम आखातात ती परत परत येते, कारण तिला खाऊ घालणारं सांडपाणी आणि खत येतच राहतं. तेव्हा 'जलपर्णी काढली, प्रश्न सुटला' असं लिहू नका.

मासेमारीचे आकडे तुलनेला घेणार असाल तर एक सांभाळा. छोटा चंदेरी मासा एकच, पण केनियात ओमेना, युगांडात मुकेने, टांझानियात दगा. तीन रांगा केल्या की झाली चूक.

कोणतं ऑफिस कशासाठी

मासेमारीसाठी लेक व्हिक्टोरिया फिशरीज ऑर्गनायझेशन, 1994 च्या करारातून आलेली, ऑफिस जिंजाला. पाणलोटासाठी लेक व्हिक्टोरिया बेसिन कमिशन, ईस्ट आफ्रिकन कम्युनिटी या देशांच्या संघटनेचं, ऑफिस केनियातल्या किसुमूला. तिसरं नाईल बेसिन इनिशिएटिव्ह, 1999 पासून, ऑफिस युगांडातल्या एन्टेब्बेला, त्याचा विषय सगळी नाईल. जाळ्याच्या नियमासाठी किसुमूचा हवाला दिलात तर समजणाऱ्याला लगेच कळतं की नावं वरवर चाळलीत.

सरोवरातलं मिगिंगोचं बेट सगळ्यांना आवडतं, एक एकरही नाही आणि त्यावर पत्र्याची घरं खचाखच. केनिया आणि युगांडा भांडतायत ते खडकासाठी, असं लिहू नका, भांडण आहे भोवतालच्या नाईल पर्चच्या पाण्यासाठी.

शेवटचं कराराबद्दल. नाईलच्या पाण्याचा 1929 चा करार ब्रिटन आणि इजिप्तमधला, त्यात केनिया, युगांडा, टांगानिका (म्हणजे सरोवर नाही, आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग) या वसाहतींना कुणी विचारलं नव्हतं. म्हणून 2010 मध्ये नाईलच्या वरच्या अंगाच्या देशांनी नवीन नाईल करार सह्यांसाठी खुला केला, दक्षिण सुदानच्या मंजुरीनंतर तो ऑक्टोबर 2024 मध्ये लागू झाला, पण इजिप्त आणि सुदान त्यात नाहीत. त्यामुळे 2024 आधीचा लेख वापरताना 'करार प्रलंबित आहे' हे वाक्य दिसलं तर ते खोडा, आणि त्या जागी 'सगळ्या नाईल देशांना मान्य' असंही लिहू नका.