टाळेबंदीच्या वर्षी जर्मनीची फाईल लावताना

२६ एप्रिल २०२१ ला जर्मनीने भारताला करोनाच्या सर्वांत कडक यादीत टाकलं. त्या यादीतल्या देशांतून जर्मन नागरिक आणि तिथे आधीपासून राहणारे सोडले तर जवळजवळ कुणालाच प्रवेश नव्हता. ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या मास्टर्सचं प्रवेशपत्र तेव्हा माझ्याकडे आलेलं होतं. ७ जुलैला भारत एक पायरी खाली उतरला आणि विद्यार्थ्यांना वाट मिळाली. मधल्या काळात सांगलीत घरी बसून जे कागद जमवले त्यांच्या जोरावरच मी वेळेत निघू शकले. नियम बदलतील तेव्हा बघू म्हणून थांबलेल्या काहींचं पूर्ण सेमिस्टर गेलं. करोनाचे निर्बंध आता उठले आहेत, पण वर्ष-दोन वर्षांसाठी बाहेर जाणाऱ्याची फाईल आजही याच पद्धतीने उभी राहते. शिवाय सीमा पुन्हा बंद झाल्याच तर पहिल्यांदा जाणाऱ्या मुलामुलींना हे उपयोगी पडावं अशी मनापासून इच्छा आहे.

पहिली गोष्ट, कागदांची यादी करून एकेकावर खूण करत जाऊ नका. प्रत्येक कागदाला स्वतःची मुदत असते आणि प्रत्येक कागद दुसऱ्या कुठल्यातरी कागदावर अवलंबून असतो. तेव्हा पीसीआर चाचणी ७२ तासांच्या आतली लागे. लसीचा दुसरा डोस होऊन १४ दिवस उलटलेले लागत. व्हिसाच्या अर्जाला ब्लॉक्ड अकाउंटची, म्हणजे ज्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्याची, पावती लागते, आणि ते खातं उघडायला पासपोर्ट. म्हणून वहीच्या पानावर शेवटची तारीख, म्हणजे विद्यापीठात हजर होण्याची, सगळ्यांत वर लिहा आणि तिथून मागे मोजत या. मी असं मोजलं तेव्हा कळलं, की सगळ्यांत आधी लागणारी गोष्ट लस आहे, व्हिसा नव्हे.

त्याही आधी नाव. आपल्या महाराष्ट्रात यावर मुलांचा सगळ्यांत जास्त वेळ जातो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या ओळीत. पासपोर्टवर आपलं आणि वडिलांचं नाव एका रकान्यात, आडनाव दुसऱ्या. बँकेत वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आधारवर स्पेलिंग थोडं निराळं. इथे कुणाला त्याचं काही वाटत नाही, कारण ही नावं एकाच माणसाची आहेत हे सगळ्यांनाच कळतं. जर्मन कार्यालयातल्या माणसाला ते कळण्याचं काही कारण नाही. त्याच्यासमोर तीन वेगळी नावं असतात.

पासपोर्ट हाच पाया धरा. ब्लॉक्ड अकाउंट, विमा, विमानाचं तिकीट, लसीचं प्रमाणपत्र हे सगळं नवीन बनतं, त्यामुळे त्यावर पासपोर्टवरचंच नाव, त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने घाला. जुन्या गुणपत्रिका बदलत बसू नका. फरक किरकोळ असेल तर दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं प्रतिज्ञापत्र नोटरीकडून करून घ्या. आमच्याकडच्या नोटरी काकांनी आपणहून सांगितलं, "बाळ, इंग्रजीतच टाईप करून घे. मराठीत केलंस तर भाषांतराचा खर्च पुन्हा तुलाच." नाव खरोखरच बदललेलं असेल, तर राजपत्राची प्रत लागू शकते. तिला वेळ लागतो, ती आधी मागवा.

लसीचं प्रकरण त्या वर्षी जिवाला घोर लावणारं होतं. १ मे पासून १८ ते ४४ वयोगटाला लस खुली झाली, पण डोस मिळत नव्हते. त्यातच मेच्या मध्यावर कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर १२ ते १६ आठवड्यांवर गेलं. ऑक्टोबरला पोचायचं असलेल्यांचं सगळं गणित कोलमडलं. मग मुंबई महापालिकेने राजावाडी, कूपर आणि कस्तुरबा रुग्णालयांत परदेशी शिकायला जाणाऱ्यांसाठी थेट येऊन लस घेण्याची सोय केली, आणि ७ जूनला केंद्राने शिक्षण, नोकरी आणि टोकियो ऑलिंपिकसाठी जाणाऱ्यांना २८ दिवसांनी दुसरा डोस घ्यायला परवानगी दिली. त्यासाठी प्रवेशपत्र आणि पासपोर्ट दाखवावा लागे. ज्यांच्या फाईलमध्ये हे दोन कागद तयार होते त्यांना ही सवलत लगेच घेता आली.

लसीकरण केंद्रावर ओळखपत्र म्हणून पासपोर्टच द्या असं मी तेव्हा भेटेल त्याला सांगत होते. पहिला डोस आधारवर घेतलेल्यांसाठी कोविनवर नंतर पासपोर्ट क्रमांक जोडण्याची सोय आली, नावही दुरुस्त करता येऊ लागलं, पण ती दुरुस्ती एकदाच करता येत असे. त्यामुळे पासपोर्ट समोर ठेवून एकेक अक्षर जुळवूनच बटण दाबायचं. कोविशील्ड जर्मनीने मान्य केली. कोव्हॅक्सिनला मान्यता द्यायला त्यांनी २०२२ चा जून उजाडू दिला. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी, मिळेल ती लस घ्या या सरकारी आवाहनावर विश्वास ठेवून कोव्हॅक्सिन घेतली, त्यांना तिकडच्या नियमात लस न घेतलेल्यांसारखं वागवलं गेलं. ते मला आजही अन्यायाचं वाटतं. त्यांच्यासाठी विद्यापीठाच्या एका पत्राचं मोल फार मोठं ठरलं: हा अभ्यासक्रम पूर्णपणे परदेशात बसून करता येत नाही, विद्यार्थ्याने प्रत्यक्ष हजर राहणं आवश्यक आहे, असं सांगणारं पत्र. ते विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून ईमेलने मागवायचं. त्यात पासपोर्ट क्रमांक, अभ्यासक्रमाचं नाव आणि सेमिस्टरची सुरुवात स्पष्ट लिहिलेली हवी. मोघम पत्र आलं तर नम्रपणे पुन्हा लिहा, ते देतात.

पैशांचं थोडक्यात सांगते. २०२१ मध्ये ब्लॉक्ड अकाउंटमध्ये १०,३३२ युरो भरावे लागत, म्हणजे तेव्हाच्या दराने नऊ लाखांच्या आसपास. पुढे ही रक्कम वाढली आहे, चालू आकडा बघूनच तयारी करा. त्यातले महिन्याला ८६१ युरो तिथे गेल्यावर हातात येत. बँकेतून रक्कम पाठवताना ए-२ फॉर्म, म्हणजे परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज, भरावा लागतो. त्या वेळच्या नियमाप्रमाणे वर्षाला सात लाखांवरच्या रकमेवर ५ टक्के टीसीएस (बँक पैसे पाठवतानाच आगाऊ घेते तो कर) कापला जाई, शैक्षणिक कर्जातून पैसे गेले तर फक्त अर्धा टक्का. तो कर बुडत नाही, ज्यांच्या पॅनवर कापला त्यांच्या विवरणपत्रात परत मागता येतो. बाबांच्या खात्यातून पैसे जात असतील तर हे त्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ऐन वेळी कमी पडलेली रक्कम जमवताना घरात नुसता ताण होतो.

अपॉस्टिलसाठी, म्हणजे कागद खरा असल्याच्या परदेशात चालणाऱ्या सरकारी शिक्क्यासाठी, एजंटला पैसे देण्याआधी थांबा. भारत अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे, पण जर्मनीने भारताच्या सहभागावर आक्षेप घेतला होता, त्यामुळे आपलं अपॉस्टिल तिथे चालत नसे. दुसऱ्या देशात निघालेल्या मैत्रिणीने करून घेतलं म्हणून आपणही करायचं, असं करू नका. विद्यापीठाच्या सूचनापत्रात साक्षांकित प्रत म्हटलं आहे की मूळ प्रत, तेवढंच वाचा आणि तेवढंच द्या. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांचा एकत्रित दाखला, मात्र लवकर मागवा. त्या उन्हाळ्यात परीक्षा विभागांत मोजकेच कर्मचारी येत होते. अर्जाची पावती आणि पाठपुराव्याचे ईमेल जपून ठेवले की पुढच्या खिडकीवर बोलणं सोपं जातं.

व्हिसाच्या भेटीला कागदांचे दोन संच, दोन्ही एकाच क्रमाने, आणि मूळ कागद वेगळ्या फोल्डरमध्ये न्या. शुल्क ७५ युरोच्या तोडीचं रुपयांत. प्रवेशपत्रावर अट असेल, म्हणजे अंतिम निकाल नंतर द्यायचा असेल, तर तो निकाल कधी लागणार हे अर्जासोबतच्या पत्रात स्वतःहून लिहा. ‘ब्रेक द चेन’च्या काळात जिल्हा ओलांडायलाही ई-पास लागत होता, तेव्हा भेटीच्या वेळेचं पत्र हेच प्रवासाचं कारण म्हणून जोडता येई.

निघताना विमान निवडणं हाही कागदपत्रांचाच भाग होता. नेहमीची आंतरराष्ट्रीय उड्डाणं मार्च २०२० पासून बंद होती आणि ठरावीक देशांशी केलेल्या एअर बबल करारावर विमानं जात होती. दुबईमार्गे स्वस्त तिकीट दिसे, पण अमिरातीने भारतातून येणाऱ्यांना तिथून विमान बदलायचीही परवानगी ५ ऑगस्टपर्यंत दिली नव्हती. थेट विमान महाग पडलं तरी तेच घ्या, असंच मी सगळ्यांना सांगितलं. मधला प्रत्येक देश म्हणजे नियमांचा आणखी एक संच.

उतरण्याआधी प्रवेशाची ऑनलाईन नोंदणी करावी लागे. तिच्यात राहण्याचा खरा पत्ता द्यायचा, कारण विलगीकरण तिथेच. ७ जुलैला भारत एक पायरी खाली आल्यावर ते १० दिवसांचं झालं. मान्य लसीचं प्रमाणपत्र अपलोड केलं की संपायचं, बाकीच्यांना पाचव्या दिवशीच्या चाचणीनंतर सुटका. सामायिक स्वयंपाकघर असलेल्या वसतिगृहात हे जमेल का, ते वसतिगृहाला आधी विचारून उत्तर लेखी घ्यावं लागे.

पोचल्यावर दोन आठवड्यांत शहर कार्यालयात पत्त्याची नोंदणी करायची असते. त्यासाठी घरमालकाची सही असलेला फॉर्म लागतो, तो चावी घेतानाच मागून घ्या. व्हिसा काही महिन्यांचाच असतो, पुढचा राहण्याचा परवाना परदेशी नागरिक कार्यालय देतं. करोनाकाळात तिथली वेळ फक्त ईमेलने मिळायची आणि उत्तराला आठवडे लागायचे. पत्त्याची नोंदणी झाली त्याच संध्याकाळी तो ईमेल पाठवा. व्हिसा संपण्याआधी अर्ज पोचलेला असेल तर निर्णय होईपर्यंत राहण्याचा तात्पुरता दाखला मिळू शकतो. त्यासाठी पाठवलेल्या ईमेलची तारखेसह प्रिंट काढून फाईलमध्ये ठेवा.