लांबचे घर अल्पमुदतीच्या भाड्यासाठी घेताना करायची तयारी

पहिल्या वेळची यादी माझ्याकडे अजून जपून ठेवलेली आहे. तिच्यात चादरींचे किती जोड घ्यायचे, टॉवेल कोणत्या रंगाचे, कप किती, इथपर्यंत सारे लिहिलेले होते. नव्हती ती एकच ओळ : केअरटेकर हाताशी नसेल तेव्हा कोण? रात्री पावणेदोनला पाहुण्यांचा फोन आला, तेव्हा स्वयंपाकघरातील बेसिनखालची जाळीदार नळी फुटून पाणी वाहू लागले होते. पाण्याचा मेन कॉक बाहेरच्या कुलूपबंद खोलीत, त्या खोलीची एकुलती एक किल्ली केअरटेकरच्या जुडग्यात, आणि केअरटेकर आईच्या शस्त्रक्रियेसाठी दवाखान्यात, फोन बंद करून. मी सहा तासांच्या अंतरावर होतो. सकाळी पोहोचलो तेव्हा लाकडी जमिनीच्या पट्ट्या कडांकडून वर उचलल्या होत्या. केअरटेकरचा दोष शून्य होता. आईजवळ बसायचे सोडून त्याने माझा फोन घ्यावा, अशी अपेक्षा मी कोणत्या तोंडाने करणार?

म्हणून यादीतील पहिली ओळ, घर पाहायला जाण्याच्याही आधीची : दुसरा माणूस आणि दुसरी किल्ली. असा माणूस त्या गावात मिळण्यासारखा नसेल, तर घर कितीही देखणे असले तरी पुढे जाऊ नये.

त्यानंतर नियम. ‘तिथे सगळेच देतात’ हे दलालाचे वाक्य म्हणजे परवानगी नव्हे. न्यूयॉर्क शहरात स्थानिक कायदा क्रमांक १८ ची अंमलबजावणी सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि तीस दिवसांहून कमी मुदतीच्या भाड्यासाठी यजमानाची नोंदणी, पाहुण्यांच्या मुक्कामात त्याची स्वतःची उपस्थिती आणि जास्तीत जास्त दोन पाहुणे अशा अटी प्रत्यक्षात लागू झाल्या. दूर राहणाऱ्या मालकासाठी ते दार तिथेच बंद झाले. पॅरिसमध्ये राहते घर वर्षाला १२० रात्री देता येत असे, ती मर्यादा १ जानेवारी २०२५ पासून ९० वर आली. ती सवलत मुळात राहत्या घरासाठी आहे, गुंतवणुकीच्या दुसऱ्या घराला ती लागू होत नाही, हे वाचताना अनेकांच्या नजरेतून निसटते. बार्सिलोनाने तर पर्यटक-घरांचे दहा हजारांवर परवाने नोव्हेंबर २०२८ नंतर चालू न ठेवण्याचे जाहीर केले आहे. तेव्हा आजचा नियम पाहून भागत नाही. परवाना किती वर्षांचा आहे, घर विकले तर तो नव्या मालकाकडे जातो का, आणि नगरपालिकेत या विषयावर सध्या काय शिजते आहे, हे तिन्ही प्रश्न लेखी विचारावेत. इमारत सामाईक असेल तर रहिवाशांच्या संस्थेचे नियमही स्वतः वाचावेत, कारण नगरपालिकेने दिलेला परवाना शेजाऱ्यांच्या ठरावापुढे निरुपयोगी ठरू शकतो.

नियम वाचताना माझ्या जिव्हारी लागलेली एक गोष्ट इथेच सांगतो. जपानमध्ये २०१८ पासून लागू असलेल्या कायद्यानुसार घर वर्षाला १८० दिवसच देता येते, आणि पाहुण्यांच्या काळात मालक तिथे राहत नसेल, तर घराची व्यवस्था नोंदणीकृत व्यवस्थापकाकडे सोपवणे बंधनकारक असते. अमेरिकेतील कित्येक शहरे परवान्याच्या अर्जातच चोवीस तास उपलब्ध असणाऱ्या स्थानिक व्यक्तीचे नाव मागतात. म्हणजे जी ओळ माझ्या यादीतून सुटली, ती इतरत्र कायद्यातच लिहिलेली होती. आपल्या अर्जात एकाच नावाची जागा असेल तर एक नाव लिहावे, पण प्रत्यक्षात घरासाठी माणसे दोन असावीत.

हिशेबाबद्दल थोडक्यात, कारण त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. हंगामातील सर्वांत चांगला महिना घेऊन त्याला बाराने गुणू नये. व्यवस्थापक नेमला तर उत्पन्नाचा वीस ते तीस टक्के भाग त्याचा धरावा, बुकिंग मिळवून देणाऱ्या संकेतस्थळाचे कमिशन वेगळे, आणि दूर असल्यामुळे बल्ब बदलायलाही माणूस बोलवावा लागतो, तो खर्च आणखी वेगळा. कर्जाचे सहा हप्ते बाजूला असावेत. मार्च २०२० मध्ये, कोरोनाच्या सुरुवातीला, एअरबीएनबी या अशाच बुकिंगच्या संकेतस्थळाने ठरावीक काळातील बुकिंगचे पूर्ण पैसे पाहुण्यांना परत केले, तेव्हा यजमानांनी स्वतः निवडलेल्या रद्दीकरणाच्या अटी बाजूला सारल्या गेल्या होत्या. त्या वेळी ज्यांच्याकडे शिल्लक नव्हती, त्यांची काय अवस्था झाली असेल याची कल्पना करावी.

विम्याबाबत मात्र घाई नको. घरगुती पॉलिसी बहुधा पाहुण्यांना पैसे घेऊन ठेवण्याचा वापर धरत नाही, आणि घर सलग ठरावीक दिवस रिकामे राहिले तर पाण्यामुळे झालेले नुकसान अनेक पॉलिसींमधून वगळले जाते. लांबचे घर बिगरहंगामात नेमके तसेच रिकामे पडलेले असते. एअरबीएनबीसारख्या कंपनीचे संरक्षण असते हे खरे, पण पाहुण्याने केलेल्या नुकसानीची मागणी तो गेल्यापासून चौदा दिवसांच्या आत करावी लागते. आणि चौदा दिवसांत घरात जाऊन फोटो कोण काढणार? केअरटेकर. तो नसेल तर? पुन्हा तोच प्रश्न, आणि त्याचे उत्तर खरेदीच्या आधी तयार हवे.

आता त्या माणसाविषयी, कारण ‘शेजारी आहेत ना’ एवढ्यावर माझी मागची तयारी संपली होती. दुसरा माणूस म्हणजे पहिल्याचा भाऊ किंवा बायको नव्हे, कारण घरातील एकाच अडचणीत दोघेही एकदम अडकतात. तो अर्ध्या तासात पोहोचू शकेल इतका जवळ राहणारा हवा आणि त्याला दरमहा ठरलेली रक्कम द्यायला हवी, काम पडो वा न पडो. फुकटच्या उपकारावर रात्री दोन वाजता कोणी उठत नाही, आणि उठलाच तर दुसऱ्यांदा उठत नाही. त्याच्याकडे किल्ल्यांचा पूर्ण संच असावा. पूर्ण म्हणजे पुढचे दारच नव्हे, तर कॉकची खोली, विजेच्या मीटरची पेटी, गच्चीवरची टाकी, सगळे काही. दाराला आकड्यांचे कुलूप बसवले म्हणजे किल्लीची कटकट मिटली असे समजू नये. त्यातले सेल संपतात, आणि ते संपतात तेव्हा पाहुणे सामान घेऊन दाराशी उभे असतात.

त्याला एकदा घरी बोलावून मेन कॉक स्वतःच्या हाताने बंद करायला आणि पुन्हा उघडायला लावावे. वर्षानुवर्षे न फिरवलेला कॉक जाम झालेला असतो, आणि ते पूर येण्याआधी कळलेले बरे. मग विजेचा मेन स्विच, मग गॅसची झडप. हे दोन्ही माणसांकडून करून घ्यावे, आपण समोर उभे राहून. शक्य असेल तर मेन कॉक कुलपाबाहेर आणावा आणि पाहुण्यांच्या माहितीच्या कागदावर त्याचा फोटो पहिल्या पानावर छापावा, वायफायच्या पासवर्डच्याही वर. मी तो कागद पूर्वी केला होता तेव्हा त्यात आसपासच्या प्रेक्षणीय स्थळांची चार पाने होती आणि कॉकचे नावही नव्हते. बेसिन आणि संडासाच्या टाकीच्या जाळीदार नळ्या जुन्या दिसल्या तर घर ताब्यात येताच बदलाव्यात. त्यांचा खर्च खराब झालेली लाकडी जमीन बदलण्याच्या खर्चापुढे काहीच नसतो.

घरात कॅमेरे लावून लांबून लक्ष ठेवू, असा विचार मनात येतोच. एअरबीएनबीने ३० एप्रिल २०२४ पासून घराच्या आतील कॅमेऱ्यांना पूर्ण बंदी केली आहे, दिसतील असे लावले तरीही. बाहेरच्या दारावर एक कॅमेरा, त्याची लिस्टिंगमध्ये, म्हणजे संकेतस्थळावरच्या घराच्या जाहिरातीत, स्पष्ट नोंद, आणि बेसिनखाली व गीझरखाली पाणी ओळखणारा सेन्सर, एवढे बस्स. सेन्सर ओरडला की आपल्या फोनवर संदेश येईल. तो ज्याला पाठवायचा, तो माणूस अर्थातच आधी नेमलेला हवा.

पुढचे सगळे नेहमीचेच. सामान, फोटो, भाव, सफाई. चादरींचे तीन जोड. धूर आणि कार्बन मोनॉक्साइड ओळखणारी यंत्रे, ती मात्र न चुकता. दोन रात्री स्वतः पाहुण्यासारखे राहून पाहावे. प्लंबर आणि वायरमन यांचे दोन दोन क्रमांक घ्यावेत.

पहिल्या बुकिंगच्या आदल्या दिवशी दुसऱ्या माणसाला फोन करून किल्ल्या कुठे आहेत ते विचारावे. ‘असतील कपाटात’ असे उत्तर आले, तर फोन न ठेवता त्याला उठून त्या काढायला लावाव्यात आणि एकेक मोजून घ्यावी.