कागदाचे मुकुट, मिश्या, फेटे: पोरांसोबत बनवताना या चुका टाळा

आषाढी जवळ आली की शाळेच्या ग्रुपवर मेसेज पडतोच, उद्या दिंडी आहे, मुलांना विठ्ठल-रखुमाई करून पाठवा, मुकुट शक्यतो घरीच बनवा. मग साताऱ्यात मोती चौकात नायतर सांगलीत मारुती रोडला सोनेरी कागद शोधत आयाबापांची पळापळ. सामान मिळतं हो, प्रॉब्लेम सामानाचा नसतोच. आपण टिकल्या नि चमकीपासून सुरुवात करतो आणि डोक्याचं माप सगळ्यात शेवटी बघतो, घोळ तिथं होतो.

पाच-सहा वर्षांच्या पोराचं डोकं साधारण ५० ते ५२ सेंटीमीटर भरतं आणि ए-फोर कार्डशीटची लांब बाजू असते २९.७, म्हणजे एका कागदात मुकुट होणारच नाही. दोन पट्ट्या जोडायच्या, जोडात २ सेंटीमीटर गेले तरी ५७ च्या आसपास उरतात, बास होतं. माप सुतळीनं घ्यायचं, भुवयांच्या वरून आणि कानांच्या वरून, आणि ते वेण्या-रिबिनी घालून झाल्यावर, कारण मोकळ्या केसांवर घेतलेलं माप सकाळी हमखास घट्ट होतं. टोकं आदल्या रात्री फेव्हिकॉलनं चिकटवून टाकू नका. एका टोकाला वरून अर्ध्यापर्यंत एक चीर द्या, दुसऱ्या टोकाला खालून अर्ध्यापर्यंत तीन-चार चिरा सेंटीमीटरभर अंतरानं, आणि सकाळी डोक्यावर बघून जी बसेल तिच्यात अडकवा, वरून टेप मारला की झालं.

कागद कुठला घ्यायचा? झेरॉक्सचा ७०-८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद मान टाकतो, २०० ते २५० जीएसएमचं कार्डशीट घ्या. नायतर घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतोच, त्यांच्यासारखा पुठ्ठा विकत मिळत नाही. पण एक गोष्ट बरेच जण बघत नाहीत, कागदाला धागा असतो. कार्डशीट कापायच्या आधी हलक्या हातानं उभं वाकवून बघा, मग आडवं, एकीकडून ते सहज गोल होतं आणि दुसरीकडून अडतं. ज्या दिशेनं सहज गोल होतं तीच दिशा डोक्याभोवती आली पाहिजे. उलटं कापलं तर पट्टी गोल न होता जागोजागी मोडते, मुकुट चौकोनी दिसायला लागतो आणि आपण फेव्हिकॉलला शिव्या देतो.

फेव्हिकॉलचा दोष एवढाच की आपण तो थापतो. त्यातलं पाणी कागद पितो आणि फुगून वाकडा होतो, त्यामुळं बोटानं पातळ पसरायचा आणि जाड पुस्तकाखाली दाबून ठेवायचा. सोनेरी चकचकीत कागद मात्र फेव्हिकॉलला नीट धरत नाही, तिथं डबल साईड टेपच. आणि घाई आहे म्हणून फेविक्विक काढू नका, पोरं शेजारी असताना तर अजिबातच नाही, बोटं चिकटतात. स्टेपलर मारलात तर पिनेची वळलेली टोकं बाहेरच्या बाजूला ठेवा आणि त्यावर टेप लावा, आत राहिली की कपाळाला टोचतात.

बेंदराला बैलाचा मुखवटा करताना डोळ्यांची भोकं अंदाजानं पाडतात आणि पोरगं जिन्यावर ठेचकाळतं. कागद चेहऱ्यावर धरून डोळे कुठं येतात ते बोटानं हलकं चाचपा, मग कागद खाली घेऊन खूण करा, चेहऱ्यावर पेन्सिल नको. खरं सांगायचं तर लहान पोरांना पूर्ण मुखवटा नकोच, कपाळावर पट्टी आणि तिला शिंगं, तेवढ्यात बैल दिसतो. शिंगं पुढं लोंबतात त्याला उपाय सोपा, मधोमध उभी घडी घाला, ताठ राहतात. इलास्टिकच्या भोकाला पंच मारायच्या आधी दोन्ही बाजूंनी टेप लावा, नायतर पहिल्याच ओढीत फाटतं.

शिवजयंतीला, म्हणजे १९ फेब्रुवारीला, कागदी मिश्यांचा सीझन. टेपनं चिकटवलेली मिशी घामानं सुटते, तोवर पोरगं ओठ चाटून चाटून तिचा लगदा करतं. मिशी काजळाचीच काढा राव. कागदाची पाहिजेच असेल तर आईस्क्रीमच्या काडीला लावून हातात द्या.

क्रेप पेपरचा फेटा लई देखणा दिसतो, पण घाम किंवा पावसाचे चार थेंब लागले की रंग सुटतो आणि पांढरा सदरा गुलाबी. क्रांतिसिंह नाना पाटील करायचे असतील, त्यांचं गाव येडेमच्छिंद्र आपल्याच जिल्ह्यातलं म्हणून सांगलीकरांना ते हवेच असतात, तर फेटा कापडाचाच बांधा, कागदाचा फक्त तुरा. स्केचपेननं रंगवलेल्या मुकुटाचंही तेच, आतून जुन्या सुती ओढणीची पट्टी लावा म्हणजे कपाळ निळं होत नाही.

आणि हो, पोरांना करू द्या. तीन-चार वर्षांचं असेल तर कागद फाडून चिकटवणं, मोठं असेल तर आपण रेघ मारायची आणि त्यानं कापायचं, कात्री सरळ ठेवून कागद फिरवायला शिकवा. वर्गात एकसारखे सुबक मुकुट दिसले की ते रात्री अकराला कुणी बनवलेत हे टीचरना बरोबर कळतं.

शाळेत नेताना मुकुट पोराच्या डोक्यावर घालून गाडीवर बसवू नका, वाऱ्यानं पट्टी मोडते. उलगडून, दोन वह्यांच्या मध्ये सपाट ठेवून न्या, गेटवर अडकवा, आणि दप्तराच्या पुढच्या कप्प्यात टेपचा रोल टाका.