स्पोर्टी गाडीला नवे अलॉय घेताना: आधी टायर ठरवा, मग चाक

अलॉय (मिश्रधातूची चाके) बदलायचे म्हटले की बहुतेक जण दुकानात जाऊन भिंतीवर टांगलेली डिझाइन बघायला लागतात. एखादे आवडते, ते सतरा किंवा अठरा इंची असते, आणि त्यावर जो टायर चढेल तो घेतला जातो. हा क्रमच उलटा आहे. ब्रेक दाबल्यावर गाडी थांबवतो तो टायर, घाटाच्या वळणात गाडी धरून ठेवतो तोही टायरच. चाकाचे काम त्या टायरला नीट सांभाळायचे. म्हणून टायर आधी ठरवायचा आणि चाक त्याला साजेसे शोधायचे.

मराठवाड्यात हे आणखी जपून करावे लागते. एकाच दिवसात आपली गाडी सावंगीला समृद्धी महामार्गावर चढून १२० च्या वेगाने तापलेल्या काँक्रीटवर धावते आणि संध्याकाळी गावाकडच्या डांबरी रस्त्याला लागते. काळ्या मातीवरचा हा रस्ता दर पावसाळ्यात फुगतो, उन्हाळ्यात भेगाळतो, म्हणून नवा केला तरी दोन वर्षांत लाटा धरतो. प्रत्येक वस्तीपुढे रंग नसलेला गतिरोधक असतोच. पुणे-मुंबईच्या गाड्यांचे फोटो बघून साइझ ठरवला तर तो इथे टिकत नाही.

गाडीवर लिहिलेले आधी वाचा

ड्रायव्हरचे दार उघडा. दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत एक स्टिकर असतो. त्यावर टायरचा साइझ आणि हवेचा दाब लिहिलेला असतो. फोक्सवॅगनच्या व्हर्टस जीटीवर २०५/५५ आर १६ दिसेल, ह्युंदाईच्या आय२० एन लाइनवर १९५/५५ आर १६. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे साइडवॉलची, टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, रुंदीच्या किती टक्के ते. शेवटचा रिमचा व्यास, इंचात.

साइझच्या पुढे ९१व्ही असे काहीतरी असते. लोक ते वाचतच नाहीत, पण जिवाशी गाठ त्याच्याशी आहे. ९१ म्हणजे एक टायर ६१५ किलो पेलतो. व्ही म्हणजे ताशी २४० किलोमीटरपर्यंतची क्षमता. एच असेल तर २१०. नवा टायर या दोन्ही बाबतींत कंपनीच्या टायरपेक्षा कमी चालणार नाही.

इथे एक फसगत होते. २०५/५५ आर १६ वरून २१५/४५ आर १७ वर गेलात, तर टायर दिसायला रुंद आणि दणकट वाटतो. प्रत्यक्षात या साइझचा साधा टायर ८७ चा असतो, म्हणजे ५४५ किलो. चाकामागे ७० किलो गेले. पाच माणसे आणि डिकीत सामान घेऊन तुळजापूरला निघालात की हा फरक टायरला कळतो. त्याच साइझमध्ये ‘एक्सएल’ (जास्त भाराचा) लिहिलेला टायर ९१ चा मिळतो. तोच घ्यायचा, आणि त्याला हवा थोडी जास्त लागते हे लक्षात ठेवायचे.

बाहेरचा व्यास जुळवा

स्पीडोमीटर, एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच गरगरू न देणारी), सगळे चाकाच्या फेऱ्या मोजून चालते. म्हणून रिम वाढली तरी टायरचा बाहेरचा व्यास जवळपास तोच राहायला हवा. हिशेब सोपा आहे: रुंदीला टक्केवारीने गुणा, दुप्पट करा, त्यात रिमचे इंच गुणिले २५.४ मिळवा.

२०५/५५ आर १६ चा व्यास येतो ६३२ मिलिमीटर. २१५/४५ आर १७ चा ६२५, म्हणजे एक टक्का कमी. २२५/४५ आर १७ चा ६३४, जवळजवळ बरोबर. २२५/४० आर १८ चा ६३७, तोही चालण्यासारखा. २१५/५० आर १७ मात्र ६४७ वर जातो, जवळजवळ अडीच टक्के जास्त. तो सोडून द्या. मी दोन टक्क्यांच्या आतच राहतो.

व्यास जुळला म्हणजे काम संपले असे नाही. आता याच टायरांची साइडवॉल बघा. मूळ टायरची ११३ मिलिमीटर. २२५/४५ आर १७ ची १०१. २१५/४५ आर १७ ची ९७. आणि अठरा इंचीवर ती ९० वर येते. खड्ड्याचा दणका रिमपर्यंत पोहोचण्याआधी जे रबर आणि हवा मध्ये असते ते एवढेच. अठरा इंचीवर २३ मिलिमीटर गेले, म्हणजे एका बोटापेक्षा जास्त. खड्ड्याच्या धारेवर चाक आपटले की साइडवॉल रिम आणि रस्त्याच्या मध्ये चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि दुसऱ्या दिवशी टायरला फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, तो बदलावाच लागतो.

माझे मत स्पष्ट आहे: मराठवाड्यात रोज फिरणाऱ्या गाडीला एक इंच वाढवा, त्यापुढे जाऊ नका. सोळाचे सतरा, बस. गाडी फक्त शहरात आणि समृद्धीवर चालत असेल तर अठराचा विचार करता येईल. पण ज्याची शेती गंगाखेडला किंवा सासुरवाडी भूमला आहे, त्याने सतरावर थांबावे. सोळा इंची रिमच ठेवून चांगला टायर घेणे हाही उत्तम पर्याय आहे आणि पैशाचा फरक तिथेच सर्वांत जास्त जाणवतो.

साइझ पक्का करण्याआधी दोन-तीन टायरच्या दुकानांत फोन करा. २०५/५५ आर १६ कुठेही मिळतो, कारण अनेक गाड्यांना तोच लागतो. २२५/४५ आर १७ सुद्धा मोठ्या शहरात मिळतो. एखादा आडसाइझ घेतलात आणि हिंगोलीत टायर फाटला, तर गाडी दोन दिवस उभी.

चाकाची मापे: इथे घाई करू नका

पीसीडी म्हणजे बोल्टांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास. व्हर्टस आणि पोलो जीटीला ५×१०० (पाच बोल्ट, १०० मिलिमीटर), ऑक्टाव्हियाला ५×११२, आय२० ला ४×१००. ऑक्टाव्हिया तर आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात जुळलेली, त्यामुळे संभाजीनगरात तिचे जुने अलॉय विकायला निघालेले दिसतात. दिसायला सुरेख असतात, पण पोलोला बसत नाहीत. भोके वाढवून किंवा ॲडॉप्टर लावून बसवून देतो असे कोणी म्हणाले तर त्या दुकानातून उठा.

सेंटर बोअर म्हणजे चाकाच्या मधले भोक. फोक्सवॅगन-स्कोडाला ५७.१ मिलिमीटर, ह्युंदाईच्या आय२० ला ५४.१. बाजारातल्या अलॉयला हे भोक मुद्दाम मोठे ठेवतात, म्हणजे ते अनेक गाड्यांना चालते. चाक ज्यावर बसते तो हब आणि हे भोक यांच्यातली फट भरायला हब रिंग लागते. ती नसेल तर चाक हबवर नेमके मध्यात बसत नाही आणि ऐंशी-नव्वदला स्टीअरिंग थरथरायला लागते. मग माणूस बॅलन्सिंगच करत बसतो.

ऑफसेट हा सर्वांत जास्त चुकणारा भाग. चाकाच्या रुंदीच्या मध्यरेषेपासून हबला टेकणारी बाजू किती दूर आहे, तो आकडा. रिमवर ‘ईटी ४०’ असा कोरलेला असतो. आकडा कमी झाला की चाक बाहेर येते, वाढला की आत जाते. उदाहरण घ्या. जुने चाक साडेसहा इंच रुंद, ईटी ४०. नवे साडेसात इंच, ईटी ३५. रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे प्रत्येक बाजूला १२.७ मिलिमीटर. ऑफसेट ५ ने कमी झाला, म्हणून बाहेरच्या बाजूला १७.७ आणि आतल्या बाजूला ७.७. आता गाडीपाशी बसून मोजा: फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) काठावरून ओळंबा सोडा, टायर त्याच्या किती आत आहे ते पट्टीने बघा. आतल्या बाजूला स्ट्रट (सस्पेन्शनचा उभा दांडा) आणि टायरमधली फट बघा. एवढी जागा असेल तरच ते चाक आपले.

रिमची रुंदी टायरला शोभली पाहिजे. २१५/४५ आर १७ ला सात ते आठ इंच, २२५/४५ ला सात ते साडेआठ. अरुंद टायर रुंद रिमवर ताणून बसवण्याची फॅशन आहे, त्यात रिमची धार उघडी पडते. आपल्या रस्त्यांवर ती पहिल्या महिन्यात खरचटते.

पोर्शे ९११ सारख्या गाडीला मागचे टायर पुढच्यांपेक्षा रुंद असतात. तिथे पुढचे-मागचे माप कंपनीने जोडीने ठरवलेले असते, ते जोडीनेच बदलायचे. चारही चाकांना ताकद जाणारी गाडी असेल तर पुढच्या-मागच्या व्यासातला मेळ अजिबात मोडू नका.

रिम हातात घेऊन बघा

साधे ओतीव अलॉय स्वस्त आणि जड. फ्लो फॉर्म्ड रिमचा बाहेरचा भाग गरम असताना रोलरखाली दाबून पसरवलेला असतो, म्हणून तो पातळ असूनही मजबूत. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेले, सर्वांत हलके आणि महाग. जोराचा दणका बसला तर ओतीव रिम तडकते, फोर्ज्ड बहुधा वाकते. बजेट जमत असेल तर फ्लो फॉर्म्ड घ्या.

दुकानात वजनकाटा मागा आणि नवी रिम जुन्या रिमशेजारी तोला. चाकाचे वजन स्प्रिंगच्या खाली असते, त्यामुळे तिथला प्रत्येक किलो खड्ड्यात, पिकअपला आणि ब्रेकला जाणवतो. जड सतरा इंची चाकांनी चपळ गाडी सुस्त होते, आणि मग इंजिनला दोष देतात.

रिमच्या मागच्या बाजूला जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए हे जपानी चाचणीचे शिक्के आणि भार पेलण्याचा आकडा कोरलेला असावा. जुनी रिम घेत असाल तर ती बॅलन्सिंग मशीनवर टायरशिवाय फिरवायला सांगा. मशीनच्या बाजूला उकिडवे बसा आणि रिमच्या आतल्या कडेवर नजर ठेवा. कड वरखाली नाचत असेल तर रिम वाकलेली आहे. मग मशीन थांबवून आतल्या बाजूने अंगठा फिरवा. वेल्डिंग करून वर रंग मारला असेल तर तिथे उंचवटा लागतो. अशी रिम फुकट मिळाली तरी नको.

टायरवर आयएसआय खूण बघा आणि चार आकडी तारीख वाचा. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. वर्षापेक्षा जुना माल मी घेत नाही, कारण इथला उन्हाळा दुकानातल्या टायरलाही सोसावा लागतो. खाचा कशा आहेत तेही बघा. ऊस तोडणीच्या दिवसांत आणि पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी शेतातला काळा चिखल डांबरावर येतो. पाणी-चिखल बाजूला काढणाऱ्या रुंद उभ्या खाचा तिथे कामाला येतात, केवळ ट्रॅकसाठी बनवलेला गुळगुळीत टायर येत नाही.

कायदा आणि विमा

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीत कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे स्पष्ट केले आहे. म्हणून त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनी जो साइझ देते तो निवडणे सर्वांत सुरक्षित. टायर फेंडरच्या बाहेर डोकावता कामा नये. अलॉय घेतल्यावर पावतीसह विमा कंपनीला लेखी कळवा.

बसवताना समोर उभे राहा

बोल्टचे बूड बघा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या मूळ बोल्टचे बूड गोलाकार असते, बाजारातल्या बऱ्याच अलॉयची बैठक शंकूसारखी. गोल बोल्ट शंकूच्या बैठकीत घट्ट झाल्यासारखा वाटतो, पण तो फक्त एका कडेवर टेकलेला असतो आणि चालता चालता सैल होतो. रिमसोबत योग्य बोल्ट मागून घ्या. शेवटचे आवळणे एअर गनने नको, टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोराइतकेच आवळू देणाऱ्या पान्याने). या गाड्यांना १२० न्यूटन-मीटर. शंभर किलोमीटर झाले की पुन्हा तपासायचे.

मग अलाइनमेंट, आणि घासण्याची चाचणी. पुढच्या दोन्ही टायरांच्या खांद्यावर खडू फासा. गाडीत पाच जण बसवा, स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून गाडी हळू फिरवा, आणि मग एखाद्या उंच गतिरोधकावरून न्या. उतरून बघा. कुठे खडू पुसला गेला असेल तर तिथे टायर घासतो आहे. दुकानदार म्हणेल की आतले प्लास्टिक थोडे कापतो. कापू देऊ नका, रिम परत करा.

हवा सकाळी, टायर थंड असताना भरा. तापमान दहा अंशांनी वाढले की दाब साधारण दीड पीएसआयने चढतो, म्हणून परभणी-नांदेडच्या मे महिन्यात दुपारी तपासलेला आकडा जास्तच दिसणार. तो बघून हवा काढू नका. कमी हवेचा टायर समृद्धीवर सतत वाकून-उलगडून तापतो आणि तसाच फुटतो.

शेवटी स्टेपनी. ती जुन्या रिमवरच राहणार, आणि तिला जुनेच बोल्ट लागतात. नवे शंकूचे बोल्ट तिच्यात नीट बसत नाहीत. जुन्यांतले पाच बोल्ट कापडी पिशवीत घालून जॅकशेजारी ठेवा, आणि गाडी घरातले दुसरे कोणी चालवत असेल तर ते कुठे आहेत हे त्यांनाही दाखवून ठेवा.